सैल स्प्रॉकेट आणि वेल्डिंगचा मोह

१९७० च्या सुमारास अमेरिकेत सहा चाकांच्या, पाण्यातही तरंगणाऱ्या गाड्यांची मोठी हौस होती. ॲटेक्स, बफेलोत बनलेली मॅक्स वगैरे. त्या जपणारे शौकीन आजही आहेत. बहुतेकांत स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. एक ओढला की त्या बाजूची चाकं अडतात आणि गाडी तिकडे वळते. इंजिनाची ताकद चेन आणि स्प्रॉकेटमधून ॲक्सलपर्यंत जाते.

स्प्रॉकेट ॲक्सलवर डुगडुगू लागलं, की घरच्या गॅरेजमधला हमखास उपाय म्हणजे वेल्डिंग! मला तो मुळीच पटत नाही. उष्णतेने ॲक्सल वाकू शकतो, जोडालगत तडे जाऊ शकतात, आणि पुढे बेअरिंग बदलायचं तर सगळं कापावं लागतं. स्प्रॉकेट चावीवर बसवलेलं असेल, तर आधी चावी आणि तिची खाच तपासा. खाच रुंदावली असेल तर ती नीट कापून मापाची नवी चावी बसवा.

दात्यांचे आकडे झाले असतील तर चेन आणि स्प्रॉकेट जोडीनेच बदला. आपल्याकडचा मोटरसायकल मेकॅनिकही हेच सांगतो. चेन मोजणं सोपं आहे: ५/८ इंची चेनच्या १२ कड्या ७.५ इंच भरायला हव्यात, ७.७३ भरल्या म्हणजे ती ३ टक्के ताणली, संपली.

हे सोवळेपण नव्हे. बऱ्याच मॉडेलांत ब्रेक गिअरबॉक्सपाशीच असतो. मुख्य चेन तुटली, की ऐन उतारावर त्या बाजूचा ब्रेकही गेलाच!