नसलेला रक्तस्राव

"डॉक्टर, चिठ्ठीवर 'रक्त पडते' एवढे लिहून द्या, म्हणजे क्लेम पास होईल." गेल्या दोन महिन्यांत आलेल्या वाचकपत्रांत हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्या वेळा आले, की या अंकासाठी ठरवलेला विषय बाजूला ठेवला. प्रसंग बहुतेक पत्रांत सारखाच आहे. पेशंट पन्नाशीचा, तक्रार काही नाही, नात्यात कुणी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेल्यामुळे धसका घेतलेला. दुर्बिणीचे नाव काढले की उठून जातो, सीटी कोलोनोग्राफीला मात्र तयार होतो. मग पैशांचा प्रश्न येतो आणि आपण त्याला नसलेला रक्तस्राव बहाल करतो.

हे मीही एकदा केले आहे. सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ, एसटीतून निवृत्त. 'गुदमार्गे रक्तस्राव, दोन महिने' असे मी माझ्या अक्षरात लिहिले. क्लेम तरीही नामंजूर झाला. वर्षभराने हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी विमा कंपनीची क्वेरी आली: हा रक्तस्राव नेमका कधीपासून, आधीच्या उपचारांचे कागद जोडा, पॉलिसी घेताना तो का कळवला नाही? प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझीच चिठ्ठी काढून त्या गृहस्थांनी टेबलावर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. "हे तुम्हीच लिहिले होते ना?" एवढेच ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही.

यातली वैद्यकीय चूक तर आणखी मोठी. ज्याला खरोखर रक्त पडते, त्याला स्कॅनला पाठवायचेच नसते. त्याची जागा कोलोनोस्कोपीच्या टेबलावर, कारण तिथे बायोप्सी घेता येते, पॉलिप काढता येतो. म्हणजे स्कॅनचे पैसे मिळावेत म्हणून आपण जे लक्षण लिहितो, त्याच लक्षणाला ही तपासणी पहिली निवड नाही. उद्या एखाद्या तज्ज्ञाने चिठ्ठी आणि रिपोर्ट शेजारी ठेवून विचारले, की रक्तस्राव होता तर स्कोप का केला नाही, तर काय सांगणार?

मुळात पैसे का मिळत नाहीत ते पाहा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत चौथा अपवाद असा, की केवळ निदान व तपासणीसाठी झालेल्या भरतीचा खर्च मिळणार नाही. सीटी कोलोनोग्राफीला खाट लागत नाही. सकाळी येऊन पेशंट दुपारी घरी जेवायला जातो. खाट नाही म्हणून पैसे नाहीत, आणि पैशांसाठी खाट दाखवली की हा अपवाद आडवा येतो. पण त्याच स्कॅनमध्ये गाठ निघाली आणि महिन्याच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर तेच बिल 'प्री-हॉस्पिटलायझेशन' म्हणून मंजूर होते. कॅन्सर निघाला तर तपासणीचे पैसे मिळतात, आतडे स्वच्छ निघाले तर ते बुडतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, म्हणजे अशी तपासणी करावी हे सरकारला मान्य आहे. मग विमा नियामकाला हे कळत नाही असे कसे म्हणावे?

अमेरिकेत हाच वाद दीर्घकाळ चालला. ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, २००९ साली स्क्रीनिंगसाठी ही तपासणी नाकारली. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे अ‍ॅडिनोमा असलेल्यांपैकी ९० टक्के स्कॅनवर सापडले होते, तरीही. अखेर १ जानेवारी २०२५ पासून मेडिकेअरने तिचा समावेश केला. आपल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाच्या कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच आहेत. आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे सरसकट स्क्रीनिंगची मागणी मी करत नाही. पण जो स्वतःहून दारात आला आहे त्याला खोटे बोलायला लावू नका, एवढे तरी मागता येईल.

आता आपल्या घरातले. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसते 'सीटी अ‍ॅब्डोमेन' असते. सेंटरवाला साधा पोटाचा स्कॅन करतो आणि पेशंट आतडे तपासून झाले या समजुतीत घरी जातो. अहो, फुगवल्याशिवाय आतडे दिसणार कसे? टॅगिंगशिवाय, म्हणजे मळाला कॉन्ट्रास्टने खूण केल्याशिवाय, मळ आणि पॉलिप वेगळे ओळखणार कसे? मी एका सेंटरवर शेजारी बसून एक स्कॅन पाहिला. सिग्मॉइडच्या भिंतीला सात-आठ बारीक उंचवटे. पोटावर झोपवल्यावर त्यातले सहा जागेवरून हलले. त्या पेरूच्या बिया होत्या. पेशंटला दोन दिवस आधी पेरू, भाकरी, पालेभाजी बंद करायला कुणी सांगितलेच नव्हते. दोन्ही स्थितींतल्या प्रतिमा घेतल्या नसत्या तर त्या रिपोर्टचे काय झाले असते?

म्हणून सेंटर निवडताना फोन उचलून विचारा. तोंडावाटे टॅगिंगचे कॉन्ट्रास्ट देता का? कार्बन डायऑक्साइड पंप आहे की हाताने हवा भरता? उताणे आणि पालथे, दोन्ही घेता का? सी-रॅड्स या प्रमाणित पद्धतीप्रमाणे रिपोर्ट देता का? आणि सर्वांत महत्त्वाचे, १० मिलिमीटरच्या वर काही निघाले तर त्याच दिवशी, त्याच साफ केलेल्या पोटावर स्कोप करून देणारे कुणी जवळ आहे का? नाहीतर पेशंटला पुन्हा रात्रभर संडासात बसावे लागते, आणि पुष्कळदा तो परत येतच नाही.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी हातमोजा घाला आणि बोटाने तपासा. गुदद्वाराजवळची गाठ स्कॅनवर कॅथेटरच्या फुग्याआड दडू शकते. मूळव्याध म्हणून सहा-सहा महिने मलम लावलेला रेक्टमचा कॅन्सर आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिला आहे. त्यातल्या कितीजणांना कुणी बोट लावले होते?

आणि आता विनंती. लक्षण नसेल तर चिठ्ठीवर 'लक्षणविरहित, स्क्रीनिंग' असे स्वच्छ लिहा. स्कोप नाकारला असेल, अर्धवट राहिला असेल, रक्त पातळ करणारी औषधे बंद करता येत नसतील, तर ते कारणही लिहा. क्लेम नामंजूर होईल, होऊ द्या. पण नामंजुरीचे पत्र फेकू नका. पेशंटचे नाव आणि पॉलिसी क्रमांक खोडून त्याची प्रत आमच्याकडे पाठवा, सोबत बिलाची रक्कम आणि नाकारताना दाखवलेले कलम. खरे कारण लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात असेल तरच विमा नियामक प्राधिकरणाकडे जाता येईल. खोट्या रक्तस्रावांचा गठ्ठा घेऊन कुठेही जाता येणार नाही. पुढील अंक छापायला जाण्यापूर्वी पन्नास पत्रे तरी जमावीत. पाकिटावर 'नामंजुरी' एवढाच शब्द लिहा.