‘कशाच्या आधी?’ : इंग्रजीतील पूर्ण भूतकाळ आणि आपण

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक इतक्या वेळा भेटते की तिचे कारण शोधण्याची उत्सुकताच उरत नाही. ‘मी काल नागपूरला गेलो होतो’ हे वाक्य विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टु नागपूर येस्टर्डे’ असे लिहितो. परीक्षक ‘हॅड गॉन’खाली तांबडी रेघ ओढतो, वर ‘वेंट’ लिहितो आणि पान उलटतो. चूक दुरुस्त होते, परंतु ती का झाली हे विद्यार्थ्याला कळत नाही आणि पुढच्या निबंधात ती पुन्हा अवतरते. तिचे खापर त्याच्या निष्काळजीपणावर फोडणे अन्यायाचे आहे. शाळेत शिकविलेले समीकरणच त्याने प्रामाणिकपणे वापरलेले असते.

हे समीकरण नामसादृश्यातून जन्मले आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ सिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून. तेव्हापासून दोन्ही भाषांचे काळ समोरासमोर मांडण्याची सवय आपल्या अध्यापनात रुजली. ‘गेलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ, ‘हॅड गॉन’ हाही पूर्ण भूतकाळ. तेव्हा दोहोंचे कार्य एकच, असे गृहीत धरले गेले. रूपांची घडण सारखी आहे हे खरे. कार्य मात्र सारखे नाही.

मराठीतला ‘होता’ काय सांगतो ते पाहावे. वडील घरी परतल्यावर मुलगा म्हणतो, ‘मामा आले आहेत.’ याचा अर्थ मामा अजून घरात आहेत. तोच मुलगा ‘मामा आले होते’ म्हणतो, तेव्हा मामा येऊन परत गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘खिडकी उघडली होती’ या वाक्यातही ती आता उघडी नसावी अशी सूचना असते. क्रिया घडली, तिचे प्रकरण मिटले, आजच्या क्षणाशी तिचा संबंध तुटला, एवढे सांगण्यासाठी मराठीला दुसऱ्या कोणत्याही भूतकालीन घटनेची गरज भासत नाही. हिंदीतील ‘मैं कल गया था’, बंगालीतील ‘आमि काल गियेछिलाम’ यांचीही हीच रीत आहे. म्हणजे ही चूक एका प्रांताची नव्हे.

इंग्रजीतला ‘हॅड’ अंतर सांगत नाही, क्रम सांगतो. हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली काळांचे विवेचन करताना तीन बिंदू कल्पिले : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या क्षणावर उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भक्षण. इंग्रजी पूर्ण भूतकाळात हा संदर्भक्षण स्वतःच भूतकाळात असतो आणि घटना त्याच्याही मागे असते. म्हणून ‘आय हॅड गॉन टु नागपूर येस्टर्डे’ एवढेच वाचणारा इंग्रजीभाषक थबकतो. ‘कशाच्या आधी?’ हा त्याचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

आपल्याकडे शिकविला जाणारा दुसरा नियमही तितकाच यांत्रिक आहे : भूतकाळातील दोन क्रियांपैकी आधीच्या क्रियेला ‘हॅड’ लावावा. त्यासाठी दिले जाणारे उदाहरण सर्वपरिचित आहे : डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मरण पावला. परंतु येथे ‘बिफोर’ या शब्दानेच क्रम सांगितलेला असल्यामुळे ‘हॅड’ अनिवार्य राहत नाही. त्याची खरी परीक्षा ‘व्हेन’पाशी होते. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड’ म्हणजे डॉक्टर पोचण्याआधीच सारे संपले होते. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड’ म्हणजे डॉक्टर आला आणि रोगी गेला! एका ‘हॅड’वर येथे डॉक्टरची अब्रू अवलंबून आहे.

यावर कोणी म्हणेल की भारतीय इंग्रजीला स्वतःचे वळण असू द्यावे. ब्रज काचरू यांचे ‘द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश’ १९८३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी या वळणाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ती योग्यच होय. शब्द, संबोधने, वाक्प्रचार यांत आपले वेगळेपण भाषेला समृद्ध करते. परंतु प्रत्येक मिटलेल्या घटनेला ‘हॅड’ लावत गेल्यास, क्रम सांगण्याची खरी निकड येते तेव्हा हाताशी साधन उरत नाही. चौकशीपुढील जबानीत, इतिहासाच्या प्रबंधात, रुग्णाच्या टिपणात आधी काय आणि नंतर काय यावरच निष्कर्ष ठरतो. तेथे ही हानी अलंकाराची नसते, अर्थाची असते.

उपाय साधा आहे. इंग्रजीचा हा पाठ मराठीच्या निरीक्षणापासून सुरू करावा. ‘मामा आले’, ‘आले आहेत’, ‘आले होते’ यांतील भेद विद्यार्थ्याला जन्मतः ठाऊक असतो. तो त्याच्याकडूनच वदवून घ्यावा. मग प्रत्येक ‘हॅड’पाशी त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवावे : कशाच्या आधी? उत्तर वाक्यात किंवा मागच्यापुढच्या संदर्भात सापडले तर ‘हॅड’ ठेवावा. न सापडल्यास साधा भूतकाळ पुरेसा आहे. ‘मला माहीत असते तर’ यासारख्या संकेतार्थी वाक्यांतला ‘हॅड’ हा निराळा विषय. तो या प्रश्नात गुंतवू नये.

परकी भाषा शिकताना आपली भाषा आड येते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः आड येते ते आपल्या भाषेविषयीचे अज्ञान. मराठीतला ‘होता’ काय करतो हे ज्याला उमगले, त्याला इंग्रजीतला ‘हॅड’ काय करीत नाही हे समजावून सांगावे लागणार नाही.