खिल्लीचं भांडवल

एप्रिल १९७० मध्ये ब्रिटिश पत्रकारांना विमानाने न्यूयॉर्कला नेण्यात आलं. फिलमोर ईस्ट सभागृहात ब्रिन्झ्ली श्वार्त्झ या नवख्या बँडला एका रात्रीत तारा बनवायचा बेत होता. विमान रखडलं, मंडळी वैतागून पोचली आणि परतल्यावर त्यांनी बँडचे वाभाडे काढले. या बँडमध्ये बास वाजवणारा आणि गाणी लिहिणारा तरुण म्हणजे निक लो. आठ वर्षांनी आलेल्या त्याच्या 'जीझस ऑफ कूल' या पहिल्या एकल अल्बममध्ये संगीतधंद्याची जी टिंगल आहे, तिचं मूळ या फजितीत शोधायला हवं.

हात पोळलेला बँड लंडनच्या पबांकडे वळला. तेव्हाचा प्रतिष्ठित रॉक मोठमोठ्या सभागृहांत आणि लांबलचक रचनांत रमला होता. केंटिश टाऊनच्या 'टॅली हो' पबमध्ये मात्र श्रोता ग्लास घेऊन समोरच उभा असे. गाणं तीन मिनिटांत पकड घेईना, तर तो पाठ फिरवून गप्पांना लागे. नेमकेपणा आणि हजरजबाबीपणा या दोन्हींची तालीम तिथे झाली.

१९७६ मध्ये जेक रिव्हिएरा आणि डेव्ह रॉबिन्सन यांनी 'स्टिफ रेकॉर्ड्स' ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. भांडवल होतं डॉ. फीलगुड या पब-बँडचा गायक ली ब्रिलो याने उसने दिलेले ४०० पौंड. फिलमोरचा बेत रचण्यातही हाच रॉबिन्सन होता! कंपनीची पहिली तबकडी लोची. त्यानेच पंक बँड द डॅम्ड आणि न्यू वेव्हचा गायक एल्विस कॉस्टेलो यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची निर्मिती केली. पंकने भूतकाळाशी नातं तोडलं ही दंतकथा इथेच लंगडी पडते. पंक आणि न्यू वेव्ह या दोघांचीही वाट पबांतूनच गेली होती.

'जीझस ऑफ कूल' १९७८ मध्ये 'रडार' या कंपनीतर्फे आला. मुखपृष्ठावर लो सहा वेगवेगळ्या सोंगांत दिसतो. आत पैशासाठी गाणं करण्यावर गाणं आहे आणि मूकपटांतल्या एका अभिनेत्रीच्या करुण अंतावरचं गाणं चक्क गोड चालीत आहे. 'आय लव्ह द साउंड ऑफ ब्रेकिंग ग्लास' ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मात्र अल्बमचं नाव बदलून 'प्युअर पॉप फॉर नाऊ पीपल' केलं. धंद्याची चेष्टा चालली, येशूची चालली नाही.

'रडार'मागे वॉर्नरचा पैसा होता, मग ही बंडखोरी कसली, असा आक्षेप घेता येईल. पण लोने बंडखोरीचा दावा केलाच नव्हता. दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच तो दुकानदाराची नक्कल करत होता आणि मालाची प्रत अव्वल राखत होता. बाजारानेही पुढे त्याला हात दिला. १९७४ मध्ये ब्रिन्झ्ली श्वार्त्झसाठी त्याने लिहिलेलं शांतता आणि प्रेमावरचं गाणं १९९२ मध्ये कर्टिस स्टायगर्सच्या आवाजात 'द बॉडीगार्ड' चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत गेलं. तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्या रॉयल्टीच्या बळावर लो उतारवयात खपाची चिंता न करता संथ, प्रौढ गाणी करू शकला.

फिलमोरच्या बेतावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला आणि हाती हसं आलं. टिकाऊ काम उभं राहिलं ते पबातल्या स्वस्त जागेत, जिथे फसणं परवडत होतं. आज भाडं आणि विजेच्या बिलांपायी ब्रिटनमधल्या अशा छोट्या जागा बंद पडत आहेत. नव्या प्रतिभेच्या नावाने स्पर्धा भरवणाऱ्या संगीतउद्योगाने त्या स्पर्धांवरचा थोडा पैसा या भाड्याकडे वळवावा. फजिती पचवून शहाणे झालेले कलावंत तिथेच तयार होतात.