एका कॅनमागे बारा बादल्या पाणी!

दोस्तांनो, पावसाळ्यात लोणावळ्याला गेला असाल, तर भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून धावणारं पाणी तुम्ही पाहिलं असेलच. तिथेच कुठेतरी थंड पेयाचा चेपून फेकलेला कॅनही दिसला असेल. हा कॅन अ‍ॅल्युमिनिअमचा असतो. आज आपण एक गंमतीचा हिशेब करू या. असा एक कॅन बनवायला लोणावळ्याचं किती पाणी खर्ची पडेल?

तुम्ही म्हणाल, धातू तर खाणीतून निघतो, इथे पाण्याचा काय संबंध? सांगतो.

खाणीतून निघतं ते बॉक्साइट. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पठारांवर ते सापडतं. ते शुद्ध केलं की अ‍ॅल्युमिना नावाची पांढरी पूड मिळते. तिच्यात अ‍ॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन भट्टीतला कोळसा ओढून घेतो. इथे मात्र भट्टीतल्या कोळशाची मात्रा चालत नाही. ही जोडी फोडायला वीजच लागते. यालाच विद्युत अपघटन म्हणतात.

ही युक्ती १८८६ साली दोघांनी स्वतंत्रपणे शोधली, अमेरिकेत चार्ल्स हॉल यांनी आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी. दोघांचाही जन्म १८६३ चा. म्हणजे जेमतेम कॉलेज संपवण्याच्या वयाचे होते बरं का! अडचण अशी होती, की अ‍ॅल्युमिना वितळायला २००० अंश सेल्सिअसहूनही जास्त तापमान लागतं. या दोघांनी ती पूड वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवली. मग साधारण ९५० अंशांवरच काम भागलं. त्या रसात कार्बनचे जाड ठोकळे बुडवून जोरदार वीजप्रवाह सोडतात. हे ठोकळे म्हणजे धनाग्र. ऑक्सिजन तिथे कार्बनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. भांड्याचं कार्बनचं अस्तर म्हणजे ऋणाग्र. तिथे, तळाशी, वितळलेलं अ‍ॅल्युमिनिअम जमा होतं.

पण एक किलो अ‍ॅल्युमिनिअमसाठी सुमारे १५ युनिट वीज लागते! म्हणून असे कारखाने विजेच्या ओढीने जागा शोधतात. भारतात अ‍ॅल्युमिनिअम पहिल्यांदा तयार झालं ते १९४३ साली, केरळात आलुव्याजवळ. तिथे पल्लिवासलच्या जलविद्युत केंद्राची वीज मिळत होती.

आता चला परत लोणावळ्याला. इथल्या वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचं पाणी जाडजूड नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरतं आणि वीज तयार करतं. टाटांचं हे केंद्र १९१५ साली सुरू झालं, मुंबईच्या गिरण्या चालवण्यासाठी. तिथे अ‍ॅल्युमिनिअम बनत नाही. पण हिशेबापुरती तीच वीज वापरली असं समजू.

पाणी ५०० मीटरहून जास्त उंचीवरून येतं. त्यामुळे १००० लिटर पाण्यापासून ढोबळमानाने सव्वा युनिट वीज मिळते. म्हणजे १५ युनिटांना १२,००० लिटर पाणी! एका कॅनचं वजन धरू या १५ ग्रॅम. त्याच्या वाट्याला येतं १८० लिटर. पंधरा लिटरची बादली घेतली, तर बारा बादल्या!

आणि तोच कॅन भंगारात जाऊन पुन्हा वितळला तर? ऑक्सिजनपासून सुटका आधीच झालेली असते, आता नुसतं वितळवायचं. त्याला नव्या धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. म्हणजे नऊ लिटर, एक बादलीसुद्धा नाही.

तेव्हा पुढच्या सहलीत कॅन दरीत भिरकावणारा कुणी दिसला, तर त्याला हा हिशेब जरूर सांगा. आणि रिकामे कॅन पिशवीत घालून भंगारवाल्याकडे पोचवा. जाता जाता एक गणित: तुमच्या घरातलं अ‍ॅल्युमिनिअमचं पातेलं ताजव्यात टाका आणि सांगा पाहू, त्याच्यामागे किती बादल्या पाणी?