बस्त्यातले रेशीम

विवाह निश्चित झाला, मुहूर्त निघाला, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पहिली गोष्ट काढतात ती बस्त्याची. दुकानात गादीवर बसून एकामागून एक घड्या उलगडल्या जातात आणि वधूच्या अंगावर पदर टाकून आरशात पाहिले जाते. रंग खुलतो का, काठ शोभतात का, जर अस्सल आहे का, भाव परवडतो का, असे दहा प्रश्न विचारले जातात. अकरावा मात्र सहसा कोणी विचारत नाही. हे वस्त्र कशापासून झाले? पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या, कंदमुळे ताटात न घेणाऱ्या कुटुंबातही लग्नाच्या निमित्ताने रेशमाचे ढीग निःशंकपणे खरेदी होतात. अलीकडे तो प्रश्न विचारू लागल्या आहेत त्या घरातील मुलीच. बहुतेक वेळा तो अवेळी, म्हणजे दुकानाच्या गादीवरच निघतो. ‘मला रेशीम नको’ असे नात म्हणते. ‘अगं, आम्ही सगळ्यांनी शालूच नेसले, मंदिरातसुद्धा रेशमी सोवळेच पवित्र मानले,’ असे आजी म्हणते. आई मध्ये अडकते, दुकानदार हसून दुसरा गठ्ठा काढतो, आणि शेवटी कुणीतरी मन मारून होकार देते. म्हणून हा विषय बस्त्याच्या आधी घरी बोलून घेणे इष्ट.

तुतीच्या पाल्यावर वाढणारी अळी सुमारे पंचवीस ते तीस दिवस खात राहते आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोश विणते. तो कोश जवळजवळ एका अखंड धाग्याचा असतो आणि त्या धाग्याची लांबी एक किलोमीटरच्या आसपास भरू शकते. आत अळीचा पतंग होत असतो. दहा-बारा दिवसांनी तो एका टोकाशी स्राव सोडून कोश भिजवतो आणि वाट काढून बाहेर येतो. पण तसे झाले की धागा जागोजागी खंडित होतो आणि सलग उकलता येत नाही. म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोश वाफेत किंवा उष्ण हवेत ठेवून आतील जीव मारतात, आणि मग गरम पाण्यात कोश मऊ करून धागा उकलतात. शालूची जी झळाळी डोळ्यांत भरते ती याच अखंड धाग्याची. एक किलो कच्च्या रेशमाला साधारण सहा ते आठ किलो ओले कोश लागतात आणि एका कोशाचे वजन दीड-दोन ग्रॅम असते. हिशेब कोणत्याही गृहिणीला तोंडी करता येईल. एका किलोमागे कोशांची, म्हणजे जीवांची, संख्या हजारांतच मोजावी लागते.

पतंगाची गणना जैन शास्त्र चतुरिंद्रिय जीवांत करते. ‘आपण थोडेच मारतो? आपण तर तयार वस्त्र घेतो,’ असे समर्थन नेहमी ऐकू येते. पण हिंसेचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन अंगांनी करायला आपल्याच परंपरेने शिकवले आहे. आज विकत घेतलेला शालू हीच विणकराला उद्याच्या शालूची मागणी असते. त्यामुळे खरेदीला केवळ अनुमोदना म्हणून सोडून देणे अवघड आहे. ती कारिताच्या बरीच जवळ जाते. तरीही हा विषय काढताना स्वर कठोर होऊ नये. मराठवाड्यातील कित्येक कोरडवाहू शेतकऱ्यांनी तुती लावून संसार सावरले आहेत, जालन्याला कोशांची बाजारपेठ उभी राहिली आहे. येवल्याचा विणकर महिनोन्‌महिने मागावर बसून मोर आणि मुनिया पदरावर उतरवतो. त्याच्या कलेविषयी आदर बाळगूनही धाग्याविषयी प्रश्न विचारता येतो. ती कला बोटांत आहे, केवळ रेशमात नाही. सुती अंगावर पैठणीचे काठपदर विणलेल्या साड्याही आता मिळतात.

‘अहिंसा रेशीम’ म्हणून जे मिळते त्याचीही नीट ओळख असावी. आंध्र प्रदेशातील हातमाग क्षेत्रात काम केलेले कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू दिल्यानंतर उरलेल्या कोशांपासून रेशीम करण्याचे प्रयोग केले आणि पुढे त्या पद्धतीचे पेटंटही मिळवले. अशा कोशाचा धागा उकलत नाही, तो कापसासारखा कातावा लागतो. म्हणून त्याला शालूची लखलख नसते, मधूनमधून जाडसर गाठी जाणवतात, आणि किंमत नेहमीच्या रेशमापेक्षा बरीच अधिक पडते. स्पर्श मात्र मऊ आणि उबदार असतो. दुसरा पर्याय एरीचा. ही अळी एरंडाच्या पानांवर वाढते आणि तिचा कोश एका टोकाला उघडाच असतो, त्यामुळे पतंगाला कोश न फोडता बाहेर पडता येते. आसाम आणि मेघालयात एरीची वस्त्रे परंपरेने विणली जातात.

येथे उत्साहाच्या भरात डोळे मिटून चालणार नाही. ईशान्येकडे एरीचा कोशस्थ जीव खाद्य म्हणूनही वापरला जातो. म्हणजे कोश उघडा असला तरी प्रत्येक वेळी पतंग सुटलाच असेल असे नव्हे. तुतीच्या रेशमातही अंडी तयार करणाऱ्या केंद्रांत रोगाची तपासणी करण्यासाठी अंडी घातलेली मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत आहे. शिवाय हा पतंग हजारो वर्षांच्या पाळीवपणामुळे उडू शकत नाही, बाहेर आल्यावर काही खाऊ शकत नाही, आणि थोड्याच दिवसांत मरतो. ‘अहिंसा’ हा शब्द चिठ्ठीवर छापला म्हणून सारे प्रश्न मिटत नाहीत. हिंसा कमी झाली, असे फार तर म्हणता येईल. आणि तेही विक्रेत्याला कोश कुठले, पतंग खरोखर सोडले का, हे विचारल्यानंतर. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेली ‘सिल्क मार्क’ ही खूण पुष्कळांना या बाबतीत फसवते. ती खूण रेशीम शुद्ध आहे एवढेच सांगते. आतला जीव वाचला की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही.

ज्यांना रेशीम सर्वस्वी वर्ज्य करायचे आहे त्यांनी नावांवर विसंबू नये. महेश्वरी आणि चंदेरी साड्या अंगाला हलक्या लागतात म्हणून सुती समजल्या जातात, पण त्यांच्या नेहमीच्या प्रकारात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागातील जैन स्त्रियांच्या परिचयाची इरकल अंगाने सुती असली तरी तिचा पदर अनेकदा रेशमी असतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे घालून जोडण्याची तिची ‘टोपी-तेणी’ वीण प्रसिद्धच आहे. सर्व सुती किंवा कृत्रिम रेशमाच्या पदराची इरकलही मिळते, मात्र ती मागून घ्यावी लागते. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम धागा, त्यात कोश नसतो. सॅटिन हे तर धाग्याचे नावच नव्हे, विणीचे आहे. स्वागतसमारंभासाठी गाऊन किंवा घागरा घेणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे. सॅटिन रेशमाचेही असते आणि पॉलिएस्टरचेही. सर्वांत अनपेक्षित गोष्ट जरीची. पारंपरिक अस्सल जरीत चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते ती रेशमाच्या धाग्यावर. म्हणजे सुती साडीला अस्सल जरीचे काठ असले तर रेशीम काठातून आत आलेलेच असते.

शंका असेल तर आतल्या टोकाचे दोन-चार धागे काढून घरी जाळून पाहावेत. रेशीम केस जळाल्याचा वास देते आणि त्याची राख बोटांत चुरते. सूत कागदासारखे जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आता आजीच्या पेटीतील शालूविषयी. अनेक घरांत खरा पेच हाच असतो. नात रेशीम विकत घेणार नाही, पण आजीने पन्नास वर्षे जपलेला शालू तिने एकदा नेसावा अशी आजीची आस असते. त्या शालूसाठी जी हिंसा व्हायची ती होऊन गेली. तो नेसल्याने नवा कोश उकळत नाही. ‘पण पाहणाऱ्याला काय कळणार की हा जुना आहे? त्याला वाटेल रेशीम चालते,’ असे काही मुली म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीसुद्धा आजीचा शालू नाकारून नवी, महागडी, दूरवरून मागवलेली साडी घेणे हा अपरिग्रहाच्या दृष्टीने बरा मार्ग वाटत नाही. घरात आहे ते वापरणे हाही व्रताचाच भाग आहे. ज्या मुलीचे मन तरीही घेत नाही तिला मात्र कोणी भरीस पाडू नये.

जुना शालू नेसायचा ठरला तर तो लग्नाच्या आठवड्यात नव्हे, काही महिने आधी बाहेर काढावा. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर उलगडून घड्यांच्या रेषा तपासाव्यात. रेशीम सर्वप्रथम तुटते ते त्याच रेषांवर. जरीला डांबराच्या गोळ्या टेकलेल्या असतील तर ती काळवंडलेली आढळेल. साडी मलमलीत गुंडाळून ठेवावी आणि अधूनमधून घड्या बदलाव्यात, हे जुन्या बायका करीत आल्याच आहेत. निऱ्या खोचण्याच्या जागी, जिथे सर्व भार येतो, तिथे आतून मऊ सुती पट्टी टाचून घ्यावी. खांद्यावर पिन लावताना खाली कापडाचा लहान तुकडा धरावा, म्हणजे भोक वाढत नाही. एक गोष्ट मात्र करू नये. ‘शिवलेली नऊवारी’ सोयीची असते म्हणून जुन्या शालूवर कात्री चालवण्याचा प्रघात पडू पाहत आहे. चार तासांच्या सोयीसाठी तीन पिढ्यांचे वस्त्र कापण्यात कसले शहाणपण आहे?

जुन्या शालूवरचे जुने पोलके बहुधा नातीला येत नाही. ते उसवून वाढवण्याच्या खटाटोपात न पडता जुळत्या रंगाचे नवे सुती पोलके शिवावे. मापाविषयी जैन घरात एक विशेष काळजी घ्यावी लागते. चातुर्मास संपल्यावर मुहूर्त असतो, शिंपी गर्दीच्या आधी म्हणून श्रावणातच माप मागतो, आणि मध्ये पर्युषण येते. मुलीने अठाई केली किंवा दशलक्षणात उपवास केले तर श्रावणातले माप मार्गशीर्षात सैल पडते. म्हणून कापड आधी द्यावे, पण माप पारण्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ देऊन घ्यावे. अस्तराचे कापड पाण्यातून काढूनच द्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचे कापड सुरकुतते. दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंचभर माया ठेवायला सांगावे. एरी किंवा कातलेले अहिंसा रेशीम जाड असते; त्याचे पोलके अगदी अंगाबरोबर बेतले तर मुंढ्यात काचते, तिथे थोडी सैल मोकळीक हवी.

पोलके घालून आरशापुढे नुसते उभे राहणे ही परीक्षा नव्हे. वधूने दोन्ही हात वर करून पाहावेत, कारण वरमाला घालताना ते तसेच जाणार आहेत. पाटावर मांडी घालून बसावे, पूर्ण वाकून नमस्कार करावा, आणि साडी नेसूनच जिना चढावा. कुठे ओढते, कुठे उसवू पाहते, हे तेव्हाच कळते. सुती साडी निऱ्यांत फुगते, म्हणून ती नेसण्याचा सराव आधी दोनदा तरी व्हावा.

रेशीम टाळणाऱ्या मुलीच्या नाकात मोत्यांची नथ आणि गळ्यात तन्मणी पाहून एखादी चुलती ‘मोती का झाडाला लागतात?’ असे विचारील. प्रश्न खोचक असला तरी चुकीचा नाही. शिंपला उघडल्याशिवाय मोती मिळत नाही. पण एक गोष्ट सुटली नाही म्हणून दुसरी सोडूच नये, हा युक्तिवाद कोणत्याही व्रताला लागू केला तर एकही व्रत उरणार नाही. नथही आजीची असेल तर शालूचाच न्याय तिला लावता येईल.

हे सारे झाले वधूच्या एका साडीचे. बस्त्यातील रेशमाचा मोठा वाटा असतो तो मानपानाच्या आणि आहेराच्या साड्यांचा: विहीणबाई, आत्या, मावश्या, नणंदा, जावा. त्यांतील कित्येक घडी न मोडता कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात पडतात. वधूने स्वतःसाठी सुती साडी निवडली आणि तिच्याच नावाने चाळीस रेशमी साड्या वाटल्या गेल्या, तर तिच्या निवडीचा अर्थ काय उरला? शिवाय तिची शालूची साडी पुष्कळदा सासरकडून येते. ती मांडवात हातात पडल्यावर नाकारता येत नाही. म्हणून ही गोष्ट निघायला हवी ती दोन्ही घरचे लोक याद्या करायला बसतात तेव्हा. यादीवर ‘साड्या’ एवढाच शब्द लिहिला जातो. त्याच्यापुढे ‘सुती’ हा शब्द मुलीच्या आईने त्याच बैठकीत सांगून लिहून घ्यावा. मुलाच्या आईने आपण होऊन सुचवला, तर येणाऱ्या सुनेला तो तोंड उघडून मागावाही लागणार नाही.