तुमच्या टॉवरची ग्रेड काय?

न्यूयॉर्कमध्ये मोठ्या इमारतींच्या दाराशी एक कागद लावलेला दिसतो. त्यावर भलंमोठं अक्षर : ए, बी, सी नाहीतर डी. ही इमारतीच्या ऊर्जावापराची ग्रेड. तिथल्या कायद्याने २०२०पासून २५ हजार चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना ती लावावी लागते. आधीच्या वर्षात प्रत्यक्ष किती वीज-इंधन लागलं, त्यावर ती ठरते. म्हणजे दरवर्षी नवी परीक्षा!

आता आपल्याकडचे टॉवर आठवा. ब्रोशरवर 'ग्रीन बिल्डिंग'चा शिक्का असतो, पण तो बहुतेकदा डिझाइन आणि बांधकाम बघून मिळालेला. दहा वर्षांनी तीच इमारत किती वीज खाते, हे तिथे भाड्याने राहायला जाणाऱ्या तुम्हाला कोण सांगतं?

इमारतही म्हातारी होते. साधं पाण्याचं बघा. हजार लिटर पाणी १०० मीटर वर, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यावर चढवायला किमान पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागतेच. पंप-मोटर निम्म्याच कार्यक्षमतेने चालत असतील तर अर्ध्या युनिटच्या वर. पंप झिजला की आणखी. त्यात एसीच्या कॉइलवर धूळ, खिडक्यांची सैल झालेली रबरं, पार्किंगमध्ये भरदिवसा जळणारे दिवे. एकेक गोष्ट किरकोळ, पण मेंटेनन्सचं बिल फुगतं ते असंच.

पण जुनी इमारत म्हणजे उधळी, असं काही नाही. १९३१ची एम्पायर स्टेट बिल्डिंग घ्या. २००९मध्ये तिथे मोठी दुरुस्ती जाहीर झाली. ६,५१४ खिडक्या भंगारात न टाकता त्याच इमारतीत वर्कशॉप थाटून नव्याने बांधल्या. ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटवायचं लक्ष्य होतं.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. व्यावसायिक इमारतींसाठी २००७मध्ये संहिता आली, घरांसाठी २०१८मध्ये 'इको निवास संहिता'. पण दोन्हींचा भर नव्या बांधकामावर. ऑफिसच्या इमारतींना प्रत्यक्ष वापरावरून स्टार देणारी 'बीईई'ची योजना आहे, पण ती ऐच्छिक. नापास होणारा परीक्षेला बसेल कशाला?

तोवर एक करा. सोसायटीच्या कॉमन मीटरची पाच वर्षांची बिलं मागा. रुपये नको, युनिट बघा, कारण दर बदलत राहतात. फ्लॅट तेवढेच, लिफ्ट त्याच आणि युनिट मात्र चढते, असं दिसलं तर पुढच्या मीटिंगला आईबाबांऐवजी तुम्ही जा.