विहिरीत पाणी साचू द्यावे



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खत, फवारणी यांवर बोलतो. आज मात्र माणसाच्या अंगातल्या बळाविषयी लिहितो आहे. त्याला कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे.

दोन वर्षांपूर्वी औसा तालुक्यात सोयाबीनची पाहणी करायला गेलो होतो. घरच्या बायका खुरपणी करीत होत्या. त्यांतली धाकटी सून, वय असेल तिशी-बत्तिशीचे, दहा वाजायच्या आतच पात सोडून बांधावर जाऊन बसली. सासूबाई मला म्हणाल्या, "बघा साहेब, दिसायला धडधाकट हाय. पण खुरपं हातात घेतलं की हिचं अंग गळतं. नुसती सोंगं!" मी चार बुके शिकलेला माणूस. मीही शहाणपणा केला. म्हणालो, "सूनबाई, कामाची सवय मोडली की असं होतं. रेटून करत राहा, अंग मोकळं होईल." ती काही बोलली नाही. खाली बघत राहिली.

पुढे कळले ते असे. आदल्या वर्षी तिच्या एका डोळ्याला अंधुक दिसू लागले होते. महिन्याभरात ते आपोआप निवळले. नंतर पायाला मुंग्या येऊ लागल्या, पाय ओढल्यासारखा पडू लागला. कुणी वात म्हणाले, कुणी बाहेरची बाधा म्हणाले. अंगारे-धुपारे झाले. तिला माहेरी धाडून द्यावे, अशी बोलणीही घरात सुरू झाली होती. शेवटी तिच्या भावाने लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. एम.आर.आय. झाला आणि रोगाचे नाव कळले, मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर त्याला थोडक्यात एम.एस. म्हणतात.

आपल्या मोटारीची केबल आठवा. आत तांब्याची तार आणि वर कव्हर. उंदराने कव्हर कुरतडले की तार शाबूत असूनही मोटार नीट चालत नाही. आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात अशाच तारा आहेत आणि त्यांच्यावरही आवरण आहे. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून त्या आवरणावरच तुटून पडते. काही ठिकाणी पुढे तारेलाही इजा होते. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली या रोगाची नीट ओळख करून दिली. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. तो संसर्गाने पसरत नाही. ताट, पाणी, अंथरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही.

या आजारात सर्वांत जास्त छळतो तो थकवा. हा दिवसभराच्या कामाचा थकवा नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात बळ नसते. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घरच्यांना सोंग वाटते.

आता उपाय काय? त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा सासऱ्यांना विचारले, "उन्हाळ्यात तुमच्या विहिरीवर मोटार किती वेळ चालवता?" ते म्हणाले, "तासभर. मग बंद करायची. पाझर येऊ द्यायचा. तळ गाठला तर मोटार जळंल की." मी म्हणालो, "सुनेचंही तसंच आहे." म्हातारा विचारात पडला. आपल्या भागात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

थकून पडण्याच्या आधीच थांबायचे, हा पहिला नियम. अर्धा तास काम झाले की दहा-पंधरा मिनिटे पाठ टेकावी. जड कामे एकाच दिवशी काढू नयेत. आज धुणे तर उद्या दळण. भाकरी थापायला ओट्याशी उंच स्टूल घ्यावे, भाजी बसून निवडावी. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून आठवड्याचे काम उरकायला जाऊ नये. त्याची फेड पुढचे दोन दिवस अंथरुणात करावी लागते.

दुसरी गोष्ट उन्हाची. अंग तापले की कुरतडलेल्या तारांतून निरोप आणखी अडखळतो. दिसणे अंधुक होते, पाय जड पडतात. अंग निवले की बहुतेक वेळा पुन्हा पूर्वीसारखे होते. नांदेड-लातूरकडे वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा हे फार जपावे. काम पहाटे किंवा दिवस कलल्यावर करावे. मानेवर ओला पंचा ठेवावा. कढत पाण्याने आंघोळ करू नये. लघवीची घाई होते म्हणून काही जणी पाणीच कमी पितात. तसे करू नये.

तिसरी गोष्ट नीट ध्यानात घ्या. विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. पूर्वी डॉक्टरही या रोग्यांना हालचाल टाळायला सांगत. आता समजले आहे की बेताचा, नेमाचा व्यायाम केल्याने थकवा कमी होतो. बैल वर्षभर दावणीला बांधून ठेवला तर त्याचेही पाय आखडतात. सुरुवात पाच मिनिटे चालण्याने करावी. जमेल तसे वाढवत आठवड्यातून दोन दिवस अर्धा-अर्धा तास चालण्यापर्यंत जावे. आणखी दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याची भरलेली बाटली वर-खाली करणे, एवढेही चालते. तोल जात असेल तर कुणीतरी जवळ असावे. काठी वापरण्यात लाज नाही.

चौथी गोष्ट अशी की सगळा थकवा या रोगाचाच असतो असे नाही. अंगात रक्त कमी असणे, थायरॉईड, झोपमोड, मनाची उदासी यांनीही माणूस गळतो, आणि यांवर औषधे आहेत. रक्त तपासून घ्यावे. नवा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, किंवा ताप, लघवीची जळजळ असेल, तर डॉक्टर गाठावा. रोग मुळासकट काढणारे औषध अजून नाही, पण झटके कमी करणारी औषधे आहेत. ती मनाने बंद करू नयेत. गावातल्या कुणाकडून स्टेरॉईडची सुई तर मुळीच घेऊ नये.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. सुरुवातीची चौकशी तिथे करता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नावानिशी धरला आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर सवलतींसाठी अर्ज करता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून या रोग्यांसाठी काम करते. तिची शाखा पुण्यातही आहे.

यंदा पेरणीच्या आधी त्या घरी गेलो होतो. सूनबाई ओसरीवर सावलीत बसली होती. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून उगवण तपासत होती. आता घरच्या बियाण्याची ही तपासणी आणि शेताचा हिशेब तिच्याकडे आहे. शेजारच्या दोघी-तिघीही आपले बी तिच्याकडे आणून देतात. सकाळी सहाला ती सासूबरोबर पांदीने आखाड्यापर्यंत चालून येते. वाटेत दोन ठिकाणी बसायचे ठरलेले आहे. बसायची आठवण सासूच करून देते.

मी तिला म्हणालो, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो." ती हसली. म्हणाली, "भाऊ, तवा मलाच ठावं नव्हतं, तुमाला कुठून असणार? दाणे मोजा बरं, ब्याऐंशी उगवलेत न्हवं?"

मी मोजले. ब्याऐंशीच होते. सत्तरच्या वर असले की आपण बियाणे पेरायला चांगले समजतो.

तुमच्या घरात कुणी असे वारंवार बांधावर जाऊन बसत असेल, तर बोल लावण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. कळावे.